कंसांतून उभं राहणारं झाड

पुस्तकांच्या दुकानात एका कपाटावर पाटी असते : ‘लहान मुलांची पुस्तकं’. तिथे लहान कोण, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मुलं लहान. पण घरातली फळी आवरताना आई सांगते, ‘‘मोठी मुलांची पुस्तकं खाली लाव, लहान मुलांची पुस्तकं वर.’’ शब्द तेच तीन, क्रमही तोच, आणि आता लहान आहेत ती पुस्तकं. हा फरक अक्षरांत कुठेच नाही. तरी ऐकणारा क्षणात नेमकी जोडी जुळवतो. दुकानात तो ‘लहान’ला ‘मुलांची’शी बांधतो, घरात ‘मुलांची पुस्तकं’ या अख्ख्या गाठोड्याशी.

शब्द एकामागून एक रांगेत येतात, अर्थ मात्र गाठोड्यांत येतो. ही गाठोडी डोळ्यांना दिसावीत म्हणून भाषाशास्त्रज्ञ झाड काढतात. वर एक नाव, त्यातून खाली फुटणाऱ्या फांद्या, प्रत्येक फाट्यावर त्या गाठोड्याचं लेबल आणि टोकाला शब्द. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकानंतर ही झाडं भाषाशास्त्राच्या वर्गात कायमची आली. आपल्याकडे शाळेत वाक्यपृथक्करणाचा तक्ता असे : उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं, त्यानंतर कितीतरी पिढ्या या तक्त्यावर शिकल्या. तक्ता उपयोगी आहे, पण त्याचे रकाने एकाच पातळीवर असतात. गाठोड्यात गाठोडं, त्यात आणखी एक, ही खोली त्यात मावत नाही.

मी अक्षरजुळणीचं काम करते आणि माझ्याकडे भाषाशास्त्राचे प्रबंध येतात. सुरुवातीची काही वर्षं मी ही झाडं हाताने जुळवली. कागदावरची रेघ बघून पडद्यावर रेघ ओढायची, शब्दाची चौकट उचलून तिच्या टोकाशी टेकवायची. एका प्रबंधात चाळीसच्या वर झाडं होती. मार्गदर्शकांनी एका वाक्यात ‘काल’ हा एकच शब्द वाढवायला सांगितला, की त्या झाडाच्या निम्म्या रेघा पुन्हा ओढाव्या लागत. एकदा तर छापून आल्यावर कळलं की एक फांदी भलत्याच शब्दाला टेकली आहे. चित्र सुबक होतं, फक्त वाक्याची रचना त्यात चुकीची सांगितली होती. व्याकरणाच्या प्रबंधात याहून मोठी चूक कोणती असणार?

त्यानंतर मी झाड काढणं सोडलं आणि लिहायला शिकले. लिहायचं म्हणजे चौकटी कंसांत. दुकानातल्या पाटीचं झाड असं लिहितात :

[नामगट
  [विशेषणगट
    [लहान]
    [मुलांची]
  ]
  [पुस्तकं]
]

आणि आईच्या वाक्यातलं असं :

[नामगट
  [लहान]
  [नामगट
    [मुलांची]
    [पुस्तकं]
  ]
]

दोन्हीत कंसांच्या पाच-पाच जोड्या आहेत. वाचण्याचा नियम एवढाच : कंस उघडला की एक पायरी खाली उतरायचं, लगेच येणारा मजकूर त्या जागेचं लेबल समजायचा, आणि कंस मिटला की एक पायरी वर चढायचं. प्रत्येक ओळ आत सरकवून लिहिली आहे ती फक्त माणसाच्या सोयीसाठी. यंत्राला सगळं एका ओळीत दिलं तरी तेच झाड उभं राहतं. रेघ किती लांब, शब्द डावीकडून किती अंतरावर, यातलं काहीही इथे लिहिलेलं नाही. फक्त कोण कुणाच्या पोटात आहे ते लिहिलं आहे.

याचा एक फायदा लगेच लक्षात येतो. हाताने रेघ ओढताना ‘लहान’ची फांदी कुठेतरी मधेच टेकवून वेळ मारून नेता येते. कंसांत ती सोय नाही. ‘लहान’ लिहिण्याआधी कोणता कंस उघडा आहे, हे ठरवावंच लागतं. म्हणजे वाक्याचा अर्थ ठरवावाच लागतो.

मराठी काही वेळा हे ठरवण्याचं काम स्वतःच करते. ‘लहान’च्या जागी ‘मोठा’ घालून बघा. ‘मोठ्या मुलांची पुस्तकं’ म्हटलं की मोठी आहेत ती मुलं. ‘मोठी मुलांची पुस्तकं’ म्हटलं की मोठी आहेत ती पुस्तकं. विशेषण विकारी असलं की त्याचं सामान्यरूपच सांगतं की मी कुणाच्या घरचं. ‘लहान’, ‘सुंदर’, ‘हुशार’ ही अविकारी विशेषणं मात्र कुठेही गेली तरी तशीच राहतात, म्हणून संदिग्धता राहते. प्रत्यय हे आपल्या भाषेतले न दिसणारे कंस आहेत, असं मला हे काम करताना वाटू लागलं.

कंस आणि झाड यांचं नातं भाषाशास्त्रातल्या झाडांहून जुनं आहे. इंग्लंडचे गणिती आर्थर केली यांनी १८५७ साली ‘झाड’ नावाच्या गणिती आकृतीवर निबंध लिहिला आणि अशी झाडं कंसांत मांडता येतात हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. जीवशास्त्रात या आकृतीचं मोल चार्ल्स डार्विन यांना आधीच कळलं होतं. त्यांच्या १८३७ च्या टाचणवहीत एका पानावर हाताने काढलेलं फाटे फुटणारं झाड आहे, आणि १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये जी एकमेव आकृती आहे तीही फाटे फुटत जाणाऱ्या वंशांचीच. पुढे संगणक आले, जीवजातींची वंशझाडं एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे पाठवायची वेळ आली, तेव्हा चित्र पाठवण्यापेक्षा कंस पाठवणं सोपं ठरलं. त्याची एक ठरावीक पद्धत असावी म्हणून जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी बोलावलेली छोटी समिती अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये जमली आणि २६ जून १९८६ रोजी पद्धत पक्की झाली. शेवटची बैठक डोव्हर गावातल्या ‘न्यूइक्स’ नावाच्या उपाहारगृहात लॉबस्टर खात झाली, म्हणून त्या पद्धतीचं नाव ‘न्यूइक’ पडलं. आजही जीवजातींची नाती कंसांत लिहिण्याची हीच रूढ रीत आहे. तिथे कंस गोल असतात, आणि आईचं, म्हणजे वरच्या फाट्याचं, लेबल मुलांच्या, म्हणजे त्यातून फुटणाऱ्या फांद्यांच्या, आधी न लिहिता कंस मिटल्यावर लिहितात. फांदीची लांबीही आकड्यात देता येते, कारण तिथे लांबी म्हणजे पूर्वज आणि वंशज यांच्यात पडलेला फरक. व्याकरणाच्या झाडात फांदीच्या लांबीला काही अर्थ नसतो, जीवशास्त्रात असतो. दोन्ही झाडं दिसायला सारखी, म्हणून हे आवर्जून सांगायला हवं.

झाडाचं मूळ वर आणि पानं खाली, हे नवख्याला खटकतं. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला खटकू नये. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ असाच उलटा आहे आणि ज्ञानदेवांनी तो विस्ताराने उभा केला आहे. संगणकशास्त्रात या प्रश्नाची चर्चा डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या महाग्रंथाच्या १९६८ सालच्या पहिल्या खंडातच केली आहे. आपण वरून खाली लिहितो, त्यामुळे हातही झाड वरून खालीच काढतो.

कनूथ यांचं नाव आलं ते योग्य जागी आलं, कारण कोडमधून पान जुळवण्याची जी वाट मी वापरते ती त्यांनीच पाडली. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. १९७७ साली तिची मुद्रितं त्यांच्या हाती आली. पहिल्या आवृत्तीची जुळणी शिशाच्या खिळ्यांत झाली होती, ही नव्या प्रकाशजुळणी यंत्रावरची होती, आणि गणिताची पानं पाहून त्यांचा जीव खट्टू झाला. मग स्टॅनफर्डच्या या प्राध्यापकांनी स्वतःच जुळणीची आज्ञाप्रणाली लिहायला घेतली. वर्षभरात होईल असं वाटलेलं काम जवळजवळ दशकभर चाललं. तिचं नाव ‘टेक’, कला आणि कारागिरी या दोन्हींसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. तिच्या प्रत्येक सुधारणेबरोबर आवृत्तीचा क्रमांक पायच्या आणखी एका दशांश स्थळापर्यंत जातो. सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर ‘लाटेक’ उभारलं, आणि जगभरचे गणिताचे, भौतिकशास्त्राचे आणि बरेचसे भाषाशास्त्राचे लेख आज त्यात जुळवले जातात.

टेकच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक पेटी. पेटीला रुंदी, उंची आणि आधाररेषेखालची खोली अशी तीन मापं असतात. पेट्या जोडून शब्दाची पेटी, शब्द जोडून ओळीची, ओळी जोडून पानाची. म्हणजे तिथेही पेटीत पेटी, गाठोड्यात गाठोडं. अशा घरात झाडं रुजली यात नवल नाही.

भाषाशास्त्राच्या झाडांसाठी लाटेकमध्ये खास साधनं घडली. जेफ्री सिस्किंड आणि अलेक्सिस दिमित्रियादिस यांचं ‘क्यूट्री’ पुष्कळ काळ वापरात होतं. त्यात लेबलाआधी टिंब द्यावं लागे आणि मिटत्या कंसाआधी एक मोकळी जागा सोडावीच लागे. ती विसरली की झाड उभं राहत नसे. पुढे टिल टान्टाउ या जर्मन संगणकशास्त्रज्ञांनी ‘टिक्झ’ ही चित्रांची भाषा दिली. तिच्या नावाचा जर्मन विस्तारच असा आहे की टिक्झ हा चित्रं काढण्याचा प्रोग्राम नव्हे : इथे माउसने रेघ ओढायची नाही, रेघेचं वर्णन लिहायचं. तिच्यावर डेव्हिड चियांग यांनी क्यूट्रीची नवी आवृत्ती बसवली, आणि स्लोव्हेनियातले भाषाशास्त्रज्ञ साशो झिवानोविच यांनी ‘फॉरेस्ट’ तयार केलं. मी रोज वापरते ते हे. लेबल फाट्यावर देता येतं, फांदीवरही देता येतं. ज्या गाठोड्याची आतली रचना दाखवायची नाही त्याच्यावर त्रिकोणी छप्पर घालता येतं. सगळे शब्द तळाच्या एकाच ओळीत आणायला सांगितलं, की झाडाखाली मूळ वाक्य सलग वाचता येतं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. फॉरेस्टमध्ये स्वल्पविरामानंतर सूचना सुरू होतात, म्हणून लेबलातच स्वल्पविराम असला तर ते लेबल महिरपी कंसात झाकावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या नवशिक्यांची निम्मी अडलेली झाडं या एका स्वल्पविरामावर अडलेली असतात.

आता खरा प्रश्न. कंसांत जागा लिहिलेली नाही, मग यंत्र प्रत्येक शब्द कुठे ठेवायचा हे कसं ठरवतं?

याचं उत्तर एडवर्ड राइनगोल्ड आणि जॉन टिलफर्ड यांच्या १९८१ च्या निबंधात आहे. त्यांच्याआधी दोनच वर्षं वेदरेल आणि शॅनन यांनी ‘झाडांची नीटनेटकी चित्रं’ या अर्थाच्या नावाचा निबंध लिहिला होता. राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांनी आपल्या निबंधाला ‘झाडांची आणखी नीटनेटकी चित्रं’ असं नाव दिलं. त्यांनी आधी सुबकपणाचे नियम ठरवले. एकाच पातळीवरची नावं एका आडव्या रेषेवर यावीत. डावं मूल डावीकडे, उजवं उजवीकडे. आई मुलांच्या मधोमध. आणि चौथा नियम मला फार आवडतो : एकसारखी रचना असलेली दोन उपझाडं चित्रात कुठेही आली तरी एकसारखीच दिसली पाहिजेत, आणि झाड आरशात उलटवलं तर चित्रही आरशातल्यासारखंच उलटलं पाहिजे. आधीच्या पद्धतीत हे पाळलं जात नसे. शेजारी काय आहे त्यावर उपझाडाचा आकार बदले, आणि वाचणाऱ्याला जिथे फरक नाही तिथे फरक दिसे.

त्यांची रीत समजायला पुठ्ठा आणि कात्री पुरते. सगळ्यात खालच्या उपझाडांपासून सुरुवात करायची. प्रत्येक उपझाड आधी स्वतंत्र मांडायचं, त्याच्या बाह्यरेषेवरून पुठ्ठा कापायचा, आणि तो तुकडा पुन्हा कधीही कापायचा नाही. मग दोन भावंडांचे तुकडे शेजारी ठेवून एकमेकांकडे सरकवायचे. डाव्याची उजवी कड आणि उजव्याची डावी कड यांच्यामध्ये ठरलेलं किमान अंतर राहिलं की थांबायचं, आणि आईला वर मधोमध बसवायचं. हा झाला नवा, मोठा तुकडा. तो घेऊन वरच्या पातळीवर तेच करायचं. कडा मोजताना दोन्ही बाजूंनी एकेक पायरी उतरत जायचं, आणि दोघांपैकी बुटकं झाड संपलं की मोजणी संपते. या शेवटच्या युक्तीमुळे नावं दुप्पट झाली तर कामही साधारण दुप्पटच होतं, त्याहून वाढत नाही. यंत्र पुठ्ठा प्रत्यक्ष सरकवत नाही. ते फक्त टिपून ठेवतं की हे मूल आईपासून इतकं डावीकडे, ते इतकं उजवीकडे. शेवटी मुळापासून खाली उतरत ही अंतरं बेरजेत घेतं, तेव्हा प्रत्येक नावाला पानावरची पक्की जागा मिळते.

म्हणून ‘काल’ हा शब्द वाढवला की मला आता काही करावं लागत नाही. एक कंस वाढतो, त्याचा तुकडा रुंदावतो, शेजारचे तुकडे सरकतात, आई पुन्हा मधोमध येते. फॉरेस्टमध्ये प्रत्येक लेबलाची खरी रुंदीही हिशेबात असते. ‘क्रियाविशेषण’ शेजारी आलं तर जास्त जागा, ‘नाम’ आलं तर कमी.

देवनागरीत इथेच एक नाजूक अडचण येते. रोमन लिपीतली भाषाशास्त्रीय लेबलं बहुतेक मोठ्या अक्षरांतली असतात आणि मोठी अक्षरं सगळी एका उंचीची. आपली तशी नाहीत. ‘नाम’ ही पेटी शिरोरेषेपाशी संपते. ‘कर्ता’च्या डोक्यावर रफार आहे, म्हणून ती पेटी उंच. ‘मूळ’च्या पोटाखाली दीर्घ ऊकार आहे, म्हणून ती खोल. ‘पूर्ती’त दोन्ही. ही चार लेबलं एका पातळीवर आली आणि यंत्राने प्रत्येक पेटी तिच्या मध्यबिंदूवर टांगली, तर चारही शिरोरेषा वेगवेगळ्या उंचीवर येतात. ‘कर्ता’ दबल्यासारखा दिसतो, ‘मूळ’ उचलल्यासारखं. शिवाय एक फांदी रफाराला टोचते, दुसरी शिरोरेषेपासून दूरच थांबते. रोमन डोळ्याला हे कदाचित जाणवणार नाही. शिरोरेषेवर वाढलेल्या आपल्या डोळ्याला लगेच टोचतं.

इलाज जुन्या जुळाऱ्यांच्या पद्धतीचा आहे. प्रत्येक लेबलात एक अदृश्य टेकू घालायचा : रुंदी शून्य, उंची रफाराला पुरेल एवढी, खोली ऊकाराला पुरेल एवढी. कनूथ यांनी टेकमध्ये अशा टेकूची सोय सुरुवातीपासून ठेवली आहे. तो घातला की ‘नाम’ आणि ‘पूर्ती’ यांच्या पेट्या एकाच मापाच्या होतात, शिरोरेषा एका ओळीत येतात, आणि फांद्या सगळीकडे सारख्याच अंतरावर थांबतात. मात्र तयार टेकू रोमन ओळीच्या मापाचा असतो. फॉंटमधल्या वेलांट्या आणि रफार उंच असतील तर तो आपल्या हाताने थोडा वाढवावा. मी दरवेळी ‘र्की’ आणि ‘ट्टू’ ही दोन अक्षरं लिहून माप घेते. पहिलं सगळ्यात वर जातं, दुसरं सगळ्यात खाली.

देवनागरी टेकमध्ये आली तीही टप्प्याटप्प्याने. हॉलंडमधल्या फ्रान्स वेल्टहाइस यांनी १९९१ साली देवनागरीचे ठसे दिले. तेव्हा मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा आणि एका वेगळ्या प्रोग्रामातून गाळून घ्यायचा, अशी रीत होती. जोनाथन क्यू यांनी २००४ साली ‘झीटेक’ आणलं आणि आपण कळफलकावर जसं लिहितो तसंच थेट लिहिता येऊ लागलं. त्यानंतरही एक गोष्ट मराठी माणसाने सांगावीच लागते : मजकुराची भाषा मराठी आहे. काही फॉंटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळण उमटतं. ‘लहान मुलांची पुस्तकं’ या तीन शब्दांत ‘ल’ दोनदा आहे. दोन्हीकडे तो आपला दिसावा, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडत नाही.

हे सगळं शिकून झाल्यावर मी कपाटातला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. कुलवृत्तांत छापायची आपल्याकडे, विशेषतः कोकणातल्या घराण्यांत, चांगली परंपरा आहे. घडीच्या मोठ्या कागदावर वंशावळ, मूळ पुरुष वर आणि खाली पिढ्या. व्याकरणाच्या झाडापेक्षा हे झाड अवघड असतं. कंसाचा कायदा असा की प्रत्येकाला वर एकच पालक. माणसाला दोन असतात. मामेबहिणीशी लग्न झालेलं असलं, तर दोन फांद्या खाली पुन्हा एकत्र येतात, आणि त्याला गणिती अर्थाने झाड म्हणताच येत नाही. आईवडील दोन्ही दाखवणारं ‘जीनिऑलॉजीट्री’ नावाचं वेगळं साधन लाटेकमध्ये त्यासाठीच आहे. पण छापील वंशावळीला ही अडचण आलीच नव्हती, कारण तिने दोन पालकांपैकी एक वगळला होता, आणि मुलांपैकी मुली.

आजोबांच्या खाली तिथे तीन नावं आहेत. मी तेवढाच भाग कंसांत उतरवला :

[आजोबा [थोरले काका] [बाबा] [धाकटे काका]]

प्रत्येकाखाली त्यांची दोन-दोन मुलं घातली, आम्ही दोघी बहिणी बाबांखाली. चित्र आलं ते छापील कागदासारखंच : आजोबांचं नाव बाबांच्या बरोबर वर. मग थोरल्या काकांचा कंस मिटतो तिथे, बाबांच्या आधी, मी आणखी एक कंस उघडला, कारण आत्या त्या दोघांच्या मधली. तिची दोन मुलं आत लिहिली, कंस मिटला आणि पान पुन्हा जुळवलं. थोरले काका आपल्या मुलांसकट डावीकडे सरकले होते, बाबा आणि आम्ही उजवीकडे. आणि आजोबांचं नाव आता आत्या आणि बाबा यांच्या मधोमध आलं होतं.